हॅलोवीनचा मेन्यू: ताटात भुतं चालतील, तीळ नको

इअरफोन सापडत नाहीयेत, किंवा लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचणंच सोपं पडतंय, अशा सगळ्यांसाठी हा आपला भाग लिहून काढलाय. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय हॅलोवीनच्या पार्टीचं खाणं. मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथे ऑक्टोबर लागला की दारोदार भोपळे दिसायला लागतात आणि 31 तारखेला संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगची पोरं चेटकिणी, सांगाडे बनून दारं वाजवत फिरतात. आमच्या मजल्यावरची पार्टी दरवर्षी आमच्याकडे असते, कारण आमचा हॉल मोठा आहे आणि बायकोला कुणाला नाही म्हणता येत नाही. (ती आतल्या खोलीतून ऐकतेय.)

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. 2024 साली नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली होती. घरात फराळ तयार, तेव्हा मी म्हटलं, वेगळं काही करायचंच कशाला? चकल्या म्हणजे वेटोळे घातलेले साप. दाण्याच्या लाडवांवर चॉकलेटचा ठिपका ठेवला की झाले डोळे. तीळ-खोबऱ्याच्या करंज्या म्हणजे राक्षसाचे कान. फोटो असे झकास आले की विचारू नका.

मग खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा आला, ड्रॅक्युला होऊन. त्याच्या आईने टेबलाकडे बघून मला एकच प्रश्न विचारला, "यात तीळ किंवा शेंगदाणे कशाकशात आहेत?" मी बोट दाखवायला लागलो आणि माझ्याच लक्षात आलं की कशात नाहीत ते सांगणं सोपं गेलं असतं. चकलीत तीळ, करंजीत तीळ, लाडवात दाणे. चिवड्यात दाणे. शेव बरी म्हणावी, तर ती चकलीच्याच तेलात तळलेली. ती बाई अजिबात चिडली नाही. तिने पिशवीतून त्याचा डबा काढला, चीज सँडविच आणि सफरचंदाच्या फोडी. तो ड्रॅक्युला सोफ्याच्या कोपऱ्यात बसून आपला डबा खात बाकीच्या पोरांकडे बघत होता. तिच्या पर्समध्ये एपिनेफ्रिनचं इंजेक्शन होतं. पेनासारखं असतं ते, मांडीवर टोचायचं. "हे असतंच माझ्याकडे," ती म्हणाली, आपण छत्री दाखवावी तसं.

आपल्याकडे दाण्याचं कूट म्हणजे मिठासारखं. कोशिंबिरीत कूट, उसळीत कूट, साबुदाण्यात तर कूटच कूट. ते पडलं की नाही, हे आपल्यालाही आठवत नाही. पण अ‍ॅलर्जी असलेल्याला चिमूटभरही पुरतं. आधी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, आणि प्रकरण वाढलं तर श्वास अडकतो, रक्तदाब खाली येतो. तो पुरळाचा साधा प्रकार राहत नाही, तिथून पुढे मिनिटांचा हिशेब असतो. म्हणून लागलीच ते इंजेक्शन द्यायचं आणि इथला आणीबाणीचा नंबर 911 फिरवायचा.

तेव्हापासून माझं प्लॅनिंग बदललं. आधी मी ठरवायचो काय भयानक दिसेल. आता आधी पाहुण्यांची यादी, मग आमंत्रणाच्या मेसेजमध्येच एक ओळ: "कुणाला काय चालत नाही ते सांगा, लाजू नका." चौदा माणसांत आम्हाला काय मिळालं? एकाला तीळ आणि दाणे, दोघं शाकाहारी, एकाला दूध पचत नाही. एवढं कळलं की अर्धा मेन्यू आपोआप ठरतो.

शाकाहारवाल्यांनो, तुमच्यासाठी एक धोक्याची घंटा. इथले मार्शमेलो, गमीचे किडे आणि ते पिवळे-केशरी-पांढरे कँडी कॉर्न, यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ. पाकीट उलटं करून वाचा.

पाकीट वाचण्याबद्दल जरा थांबून बोलू या, कारण इथे खरी मेख आहे. अमेरिकेत नऊ गोष्टी लेबलवर स्पष्ट लिहाव्याच लागतात: दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, झाडावरचे कठीण कवचाचे दाणे म्हणजे बदाम-काजू वगैरे, शेंगदाणे, गहू, सोया आणि तीळ. तीळ या यादीत सगळ्यात उशिरा आले, 1 जानेवारी 2023 पासून. त्याआधी ते नुसत्या 'मसाले' या शब्दामागे लपू शकायचे. कायदा चांगला, पण त्याचा एक विचित्र परिणाम झाला. कारखान्यातून तिळाचा कणही राहणार नाही अशी सफाई करणं महाग पडतं, म्हणून काही बेकऱ्यांनी पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घालायला सुरुवात केली आणि लेबलवर 'तीळ आहेत' असं छापून मोकळ्या झाल्या! म्हणजे वरून एकही तीळ न दिसणाऱ्या साध्या बर्गरच्या पावातही तीळ असू शकतात. शिवाय 'यात अमुकचा अंश असू शकतो' ही ओळ छापणं कंपन्यांच्या मर्जीवर आहे. ती नाही म्हणून पदार्थ निर्धोक, असं समजू नका.

आता मेन्यू. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या: भुताटकी नावात आणि आकारात असावी, चवीत नाही. इंटरनेटवर काळ्या रंगात बुडवलेले पास्ते दिसतात, ते कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही आणि दात काळे होतात ते वेगळंच. तीनच पदार्थ भयानक करा, बाकीचं पोटभरीचं.

माझा हुकमी एक्का घारगे. हो, आपले लाल भोपळ्याचे घारगे! ज्या सणाचा देवच भोपळा आहे, त्याला आणखी काय हवं? आईला नाशिकला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, तो दारात कोरून ठेवलेला भोपळा घेऊ नकोस हं." बरोबर होतं तिचं. कोरायचे मोठे भोपळे पाणचट आणि कमी गोड असतात, त्यात पीठ घालत बसलात की घारगे चिवट होतात. आणि मेणबत्ती लावून बाहेर ठेवलेला भोपळा तर खायचाच नाही. पायसाठीचा छोटा भोपळा घ्या, नाहीतर देशी दुकानातला लाल भोपळ्याचा तुकडा. एक वाटी कीस, पाऊण वाटी गूळ, पाणी अजिबात नाही, मंद आचेवर शिजवून गार करा. त्यात चिमूट मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. घट्ट मळा, अर्धा तास झाका. लाटून वाटीने गोल कापा, सुरीच्या टोकाने दोन त्रिकोणी डोळे आणि दातरं तोंड काढा, मध्यम आचेवर तळा. भोकं पडल्यामुळे ते फुगत नाहीत, खुसखुशीत होतात. वरून खसखस-तीळ लावायची सवय असेल तर यावेळी हात आवरा. आणि तेल नवं घ्या! चकलीच्या तेलात तळलेत तर सगळी मेहनत पाण्यात. हे दोन-तीन दिवस सहज टिकतात, त्यामुळे आधीच उरकतं.

दुसरं, ममी. पनीरच्या बोटाएवढ्या कांड्यांना मीठ-तिखट लावायचं आणि तयार पफ पेस्ट्रीच्या पट्ट्या बँडेजसारख्या गुंडाळायच्या. पेस्ट्री आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवा. 400 फॅरनहाइटला वीसेक मिनिटं, सोनेरी झाल्या की बाहेर. डोळ्यांना ऑलिव्हचे तुकडे. दूध न चालणाऱ्यासाठी पनीरऐवजी बटाट्याच्या कांड्या, वेगळ्या ट्रेमध्ये. त्या पेस्ट्रीचंही पाकीट वाचा, काहींत लोणी असतं.

तिसरं, डोळे. डब्यातल्या लिचीच्या पोकळीत एकेक ब्लूबेरी बसवायची. इतके खरे दिसतात की मला स्वतःला पहिला खाताना कसंतरी झालं. पण गोल आणि बुळबुळीत आहेत, पाच वर्षांखालच्या मुलांना तसेच देऊ नका, घशात अडकतील. त्यांना बारीक चिरून द्या.

पोटभरीला पावभाजी. लाल भाजी मोठ्या पातेल्यात, वर पाटी 'राक्षसाचं पोट'. भाजीत लोणी घातलं नाही, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. पावासाठी मी तीन दुकानं फिरलो. कारण वर सांगितलंच.

प्यायला काय? सगळ्यांना धूर हवा असतो, म्हणजे ड्राय आइस. मी ठेवत नाही. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो, उणे 78 अंश सेल्सिअस. त्याचा तुकडा पोटात गेला तर आतून भाजतं. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुखवास समजून लोकांनी तो तोंडात टाकला आणि रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात गेले. पोरांच्या ग्लासात हा खेळ कशाला? त्यापेक्षा गोकर्णाची वाळलेली फुलं गरम पाण्यात घाला, पाणी गर्द निळं होतं. गार करून साखर घाला. पाहुण्यांसमोर लिंबू पिळा, बघता बघता जांभळं! पोरं किंचाळतात. आंबटपणाने फुलातल्या रंगद्रव्याचा रंग बदलतो, जादू एवढीच.

वेळेचं म्हणाल तर जेवण पाचला. सहाच्या सुमारास अंधारतं आणि पोरं दारं वाजवायला निघतात. परत येतात तेव्हा पोटात चॉकलेट असतं, भाजीकडे कोण बघतंय? दुधा-पनीरचं काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, हा इथला नियम मी घड्याळ लावून पाळतो.

गंमत म्हणजे खाण्यात काहीतरी दडवणं ही हॅलोवीनची जुनीच रीत आहे. हा सण आला आयर्लंडकडून. तिथे बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा गोड पाव करतात आणि त्यात अंगठी, नाणं, चिंधी लपवतात. अंगठी मिळाली तर वर्षात लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी आली तर कडकी. माझ्या टेबलावर मात्र आता काही लपलेलं नसतं. प्रत्येक ताटापुढे चिठ्ठी, त्यावर भुताचं नाव आणि खाली आत काय काय आहे त्याची यादी. विकतच्या वस्तूंची पाकिटं मी फेकत नाही, ओट्यावर ठेवतो. दारात एक भोपळा मोरपंखी रंगवलाय. 2012 मध्ये टेनेसीत काही अ‍ॅलर्जीग्रस्त कुटुंबांच्या गटाने ही खूण सुरू केली, 2014 पासून ती देशभर पसरली. त्याचा अर्थ, या घरी गोळ्यांऐवजी स्टिकर, पेन्सिली असलंही काही मिळेल.

2025 ला ती बाई आली, मोरपंखी भोपळा बघून दारातच थांबली. मग आत येऊन ओट्यावरची पाकिटं एकेक करून वाचली, तेल कुठलं ते विचारलं, तळणीची कढई बघायला मागितली. मी दाखवली. पाच मिनिटं लागली असतील. पोरगा यावेळी सांगाडा झाला होता. तो श्वास रोखून आईकडे बघत होता. तिने मान हलवल्यावर त्याने सरळ दोन घारगे उचलले, एकाचे डोळे आधी खाल्ले आणि विचारलं, याला काय म्हणतात. 'घ' काही त्याला जमेना. "गार्गे," तो म्हणाला, आणि तिसरा उचलला. डबा त्याच्या आईने आणलाच होता, तो जाताना तसाच परत गेला.