वाचलेल्याची गोष्ट : साथीनंतरचे जग आणि कुमार-कादंबरी

प्राणघातक साथीनंतर उरलेल्या जगात मुले कशी जगतात, हा विषय इंग्रजी कुमार-कादंबरीने गेल्या अर्धशतकात पुनःपुन्हा हाताळला आहे. मराठीत अशा कादंबरीचे परीक्षण करण्याची वेळ आली, तर तिला साहसकथा किंवा विज्ञानकथा या सदरात टाकून कथानकाची गती, प्रसंगांची उत्कंठा आणि शेवटचा बोध एवढ्यावर निर्णय देण्याचा मोह होतो. हे निकष चुकीचे नाहीत. ते अपुरे आहेत. साथ ही केवळ संकटाची पार्श्वभूमी नसते. तिच्यातून जो उरतो त्याचे मेलेल्यांशी, त्याला ज्यांनी वाचविले त्यांच्याशी आणि त्याच्यासारख्याच उरलेल्या इतरांशी एक नवे नाते तयार होते. हे नाते कादंबरी कसे मांडते, यावर तिचे मोल ठरावयास हवे. प्रस्तुत लेखात या निकषाची मांडणी मराठीतील प्लेगस्मृतीच्या आधारे केली आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील दोन दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. मराठी मनातील या साथीची आठवण मुख्यतः तीन चौकटींतून आली आहे. पहिली चौकट राजकीय आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेला हल्ला, चापेकर बंधूंची फाशी आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हा तिचा आशय होय. दुसरी चौकट चरित्रात्मक आहे. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. तिसरी चौकट भक्तिपर आहे, आणि ती बुलढाणा जिल्ह्याच्या वाचकाला सर्वांत जवळची आहे.

दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये रचलेल्या एकवीस अध्यायांच्या 'श्रीगजानन विजय' या ओवीबद्ध ग्रंथात पुंडलिक भोकरे या तरुणाची कथा येते. मुंडगावचा हा शेतकऱ्याचा मुलगा शेगावच्या वारीला पायी निघालेला असताना वाटेत त्याला ताप भरतो आणि काखेत गाठ येते. त्या काळी ग्रंथिक सन्निपात या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे हे लक्षण कोणालाही कळण्याजोगे होते. बरोबरचे वडील घाबरतात, वाहनाचा विचार करतात. मुलगा मात्र वारी पायीच पुरी करण्याचा आग्रह धरतो. शेगावला पोहोचल्यावर गजानन महाराज स्वतःची काख दाबतात आणि मुलाचे गंडांतर टळते. वऱ्हाडात या ग्रंथाची पारायणे आजही होतात. त्यामुळे साथीतून वाचलेल्या एका तरुण मुलाची कथा येथील श्रोत्यांना लहानपणापासून परिचित असते.

या तीनही चौकटींत एक साम्य आढळते. राजकीय कथनाचा नायक प्रतिकार करणारा आहे, चरित्रात्मक कथनाचा नायक वाचविणारा आहे, भक्तिपर कथनात नायकत्व संताकडे जाते. वाचलेला मुलगा प्रत्येक ठिकाणी निमित्तमात्र राहतो. सावित्रीबाई गेल्या आणि पांडुरंग जगला, येथे चरित्राचे प्रकरण संपते. ज्या बाईच्या पाठीवरून आपण आलो ती आपल्याच रोगाने गेली, हे त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला केव्हा आणि कोणाकडून समजले असेल? ते घेऊन तो कसा वाढला असेल? पुंडलिकाच्या कथेचाही उत्कर्षबिंदू गाठ बसण्यात आहे. बरे होऊन गावी परतलेल्या मुलाने कोणाची दारे बंद पाहिली, हे सांगणे त्या ग्रंथाचे प्रयोजन नाही. चरित्र आणि पोथी यांना याबद्दल दोष देता येत नाही. त्यांचे काम जेथे संपते तेथे कादंबरीचे काम सुरू होते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

मराठी कुमारसाहित्याच्या परंपरेकडे या दृष्टीने पाहिले असता तिचे दोन ठळक प्रवाह दिसतात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या कथांत साहस आहे, चातुर्य आहे, धोका आहे. परंतु साहस संपल्यावर परतण्यासाठी जग जागेवर असते. शाळा, वसतिगृह, वडीलधारी माणसे यांना धक्का लागलेला नसतो. याउलट साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये गमावणे हाच आशय आहे. मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्र आश्रमातील सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. जो गेला त्याचे देणे सांगून फेडावयाचे, अशी त्या निवेदनाची भूमिका आहे. पहिल्या प्रवाहात हानीशिवाय साहस आहे, दुसऱ्यात साहसाशिवाय हानी. साथीनंतरच्या जगाची कादंबरी या दोहोंची एकत्र मागणी करते. मुलाने धान्य मिळवायचे, पाणी शोधायचे, धाकट्याला सांभाळायचे आणि त्याच वेळी शोकही करायचा. ही दुहेरी मागणी पेलणे अवघड आहे, आणि इंग्रजीतील नावाजलेल्या कादंबऱ्यांनाही ती सारखी पेललेली नाही.

ओ. टी. नेल्सन यांची 'द गर्ल हू ओन्ड अ सिटी' ही १९७५ मधील कादंबरी याचे चांगले उदाहरण आहे. एका विषाणूमुळे बारा वर्षांवरील सर्व माणसे मेली आहेत. अमेरिकेतील एका उपनगरात दहा वर्षांची लिसा धाकट्या भावाला, टॉडला, घेऊन उरली आहे. इतर मुले घरोघरी फिरून उरलेसुरले अन्न गोळा करीत असताना ती पुढचा विचार करते. दुकाने रिकामी होतील, पण दुकानांना माल पुरविणारे कोठार कोठेतरी असलेच पाहिजे, हे तिच्या लक्षात येते. पुढे ती गल्लीतील मुलांना संघटित करते, टोळ्यांपासून संरक्षणाची व्यवस्था लावते आणि एका शाळेच्या भक्कम इमारतीत मुलांचे नगर वसविते. टॉम लोगन या टोळीनायकाकडून ते नगर हिरावले जाते व लिसा ते परत मिळविते.

या कादंबरीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मूल विचार करू शकते, भीतीवर कामाने मात करता येते, ही तिची जाणीव कुमार वाचकाला बळ देणारी आहे. परंतु शीर्षकातील मालकी हाच तिचा मूल्यविचार आहे. नगर माझे, कारण त्याची कल्पना आणि योजना माझी, असे लिसा म्हणते. अनाथ मुलांचा सांभाळ करणारी जिल हिला ते पटत नाही. जे सर्वांच्या श्रमातून उभे राहिले ते सर्वांचे, असे तिचे म्हणणे आहे. हा वाद कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग ठरू शकला असता. लेखकाने मात्र कौल आधीच लिसाकडे दिला आहे. शिवाय, एवढे मोठे मरण होऊनही मृतांना या संहितेत फारच थोडी जागा आहे. आईबाप नाहीसे होणे ही येथे हानी कमी आणि कथानकाची सोय अधिक आहे. त्यामुळे लिसा जगते, पण ती कोणाच्या तरी जाण्यातून उरली आहे, याचा भार तिच्या जगण्यावर जाणवत नाही.

लॉरी हाल्स अँडरसन यांची 'फीव्हर १७९३' ही २००० मधील कादंबरी या संदर्भात तुलनेला घेण्याजोगी आहे. रोग येथे प्लेग नसून पीतज्वर आहे, आणि साथ कल्पित नसून १७९३ मध्ये फिलाडेल्फिया शहरात प्रत्यक्ष घडलेली आहे. चौदा वर्षांची मॅटी स्वतः तापातून उठते. पुढे चोरांशी झालेल्या झटापटीत तिचे आजोबा मरण पावतात. प्रेते घाईने पुरली जात असताना ती अडून बसते आणि आजोबांसाठी प्रार्थना म्हटल्याखेरीज त्यांना पुरू देत नाही. कादंबरीचा नैतिक कणा या लहानशा प्रसंगात आहे. पुढे ती नेल या अनाथ मुलीला जवळ करते, एलायझा या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीबरोबर रुग्णांची शुश्रूषा करते आणि आईचे कॉफीगृह पुन्हा उघडताना एलायझाला भागीदार करून घेते. लिसाने नगर मिळविले; मॅटीने जे उरले होते ते वाटून घेतले. वाचलेपण ही मालमत्ता आहे की ऋण, या प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत.

मराठी वाचकाला दुसरे उत्तर जवळचे वाटेल, याचे कारण केवळ संस्कारांत शोधणे योग्य नाही. येथील साथीच्या अनुभवाची घडणच तशी आहे. पांडुरंगाला कोणीतरी उचलून नेले, पुंडलिकासोबत कोणीतरी चालत होते. उंदीर पडू लागले की गावे उठून शेतांतील झोपड्यांत राहावयास जात; एकट्याने वाचण्याची कल्पना तेथे संभवत नव्हती. अर्थात या सामुदायिकतेचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. झोपड्या कोणाच्या शेतात पडल्या, विहिरीवर कोणाला जाता आले, आजाऱ्याला कोणी शिवावयाचे, हे जातीने ठरलेल्या समाजात प्रश्नच होते. सावित्रीबाईंनी पांडुरंगाला पाठीवर घेतले या घटनेचा अर्थ त्या प्रश्नासह वाचला तरच पुरता उलगडतो.

अशा कादंबरीत रोगाचे शास्त्रही कथानकात कार्यरत असावे लागते. १८९४ मध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला आणि १८९८ मध्ये सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांचा त्याच्या प्रसाराशी असलेला संबंध दाखविला. उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. या साखळीच्या मुळाशी बहुधा साठविलेले धान्य असते. त्याचे मराठवाड्यातील उदाहरण फार जुने नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने अनेकांनी घरे सोडून बाहेर निवारे केले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा अशा सोडलेल्या घरांतील धान्यावर वाढलेल्या उंदरांकडे तज्ज्ञांनी बोट दाखविले. नेल्सन यांच्या कादंबरीत धान्याचे कोठार म्हणजे निव्वळ सुरक्षितता. वऱ्हाड-मराठवाड्यातील कणगीत मात्र जगण्याचा आधार आणि मरणाचे कारण एकाच वेळी असू शकते. मराठी कुमार-कादंबरीकाराला हा ताण कोठून उसना आणावा लागणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या २००२ मधील कादंबरीने कुणबिकीतील टिकून राहण्याची धडपड तेथील बोलीसह किती बारकाईने मांडता येते, हे दाखवून दिलेच आहे.

शेवटचा मुद्दा भाषेचा आहे. जॅक लंडन यांच्या १९१२ मधील 'द स्कार्लेट प्लेग' या लघुकादंबरीत साथीनंतर साठ वर्षांनी एक म्हातारा शेळ्या राखणाऱ्या नातवंडांना जुन्या जगाची हकीकत सांगतो. तो एके काळी साहित्याचा प्राध्यापक होता. त्याचे निम्मे शब्द मुलांना कळत नाहीत, ती त्याची थट्टा करतात. तरीही त्याने एका गुहेत पुस्तके जपून ठेवली आहेत, आणि त्यांच्यासोबत अक्षरे उलगडण्याची किल्लीही. सांगणारा आहे, पण ऐकणाऱ्यापाशी ते घेण्याची भाषा उरलेली नाही, ही या कथेतील खरी शोकांतिका आहे.

साहित्याच्या अध्यापकाला हे चित्र अस्वस्थ करणारे आहे, कारण ते केवळ कल्पनेतले नाही. २०२० आणि २०२१ च्या कोविड साथीत आईवडील गमावलेली मुले आज महाविद्यालयांच्या वर्गांत बसू लागली आहेत. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतला. ठेवीने शिक्षण होईल. जे घडले ते सांगण्याची भाषा ठेवीतून मिळत नाही; ती गोष्टींतून मिळते. मराठीत 'वाचणे' हे एकच क्रियापद जिवंत राहण्यासाठी आणि अक्षरे उलगडण्यासाठी वापरले जाते, या योगायोगाला येथे अर्थ आहे.

तेव्हा साथीनंतरच्या जगाची कुमार-कादंबरी परीक्षणासाठी हाती घेताना चार प्रश्न विचारले जावेत. रोग कथानकात काम करतो की केवळ मोठ्या माणसांना दूर करतो? मृतांना संहितेत जागा आहे का? वाचलेपणाकडे मालकी म्हणून पाहिले आहे की ऋण म्हणून? आणि वाचलेल्याला स्वतःची भाषा मिळाली आहे का? मुंढव्याच्या पांडुरंगाची गोष्ट पांडुरंगाच्या तोंडून सांगणारी कादंबरी जेव्हा मराठीत लिहिली जाईल, तेव्हा तिलाही याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील.