बंदा रुपया, वजन तीन ग्रॅम

आजीच्या पितळी डब्यात निघालेली चिल्लर परवा ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली. आधी १९१८ चा राजाछाप चांदीचा रुपया. झीज सोडली तर ११.६६ ग्रॅम. मग तांबे-निकेलचे रुपये: १९७५ चा ८ ग्रॅम, १९८३ चा ६. पुढे १९९२ चा स्टीलचा, ४.८५. २०११ चा ३.७९. शेवटी खिशातला आजचा: ३.०९ ग्रॅम! नाव तेच, रुपया.

टांकसाळ काही कंजूस नाही. नाण्यातल्या धातूला छापील किमतीपेक्षा जास्त भाव आला की ते गल्ल्यात राहत नाही, मुशीत जातं. नाणं वितळवलं तर सात वर्षांपर्यंत कैद, असं २०११ चा कायदा सांगतो. पण कायद्याच्या आधी काटा बोलतो. पाचाचं जुनं जाडजूड नाणं तब्बल ९ ग्रॅमचं. ते बांगलादेशात नेऊन दाढीची पाती करतात, अशा बातम्या छापून यायच्या. २००७ मध्ये पाचाचं नाणं स्टीलचं झालं, ६ ग्रॅमचं.

चांदीचं तर याआधीच आटोपलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये चांदी जाऊन निकेल आलं. युद्धातच भोकाचा पैसा निघाला. भोकामुळे तांबं वाचलं, बायकांना दोऱ्यात ओवायची सोय झाली. पुढे १९५७ मध्ये दशमान पद्धत आली. तिचा नया पैसा काशाचा होता, साठच्या दशकात तो ॲल्युमिनियमचा झाला. बोटाच्या पेरावर ठेवला तर फुंकरीने उडावा असा. नागमोडी कडेचा दहा पैसाही त्याच वाटेने गेला. मला मात्र त्या कडेची आजही आठवण येते. अंधारात, खिशात हात घालूनच ओळखता यायचा. आताचे एक आणि दोन रुपये चष्मा लावल्याशिवाय कळत नाहीत.

चार आणे ३० जून २०११ ला सरकारी कागदावर गेले. भाजीवालीने त्यांना कित्येक वर्षं आधीच निरोप दिला होता. आठ आणे कायद्याने अजून चालतात, देऊन बघा.

सोनाराने काट्याचे पैसे घेतले नाहीत, चहा सांगा म्हणाला. चहावाल्याला द्यायचं दहाचं नाणं सहज काट्यावर ठेवलं. ७.७ ग्रॅम. १९७५ च्या एका रुपयापेक्षा हलकं.