गाडी मागून काय म्हणते?

हुडकेश्वरहून सकाळी कॉलेजला निघालात, म्हाळगीनगर चौक यायच्या आतच मागून ‘घर्रर्र’ सुरू. आपण काय करतो? इयरफोनचा आवाज वाढवतो! मग कंटाळून मिस्त्रीकडे जातो, ‘भाऊ, मागून आवाज येते’ एवढंच सांगतो. तो चेन सेट बदलून देतो, दीड-दोन हजार जातात आणि घरी येताना आवाज तसाच. माझं असंच झालं होतं. दोष बेअरिंगचा होता.

म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, ते आधी पाहा. मोकळा, सरळ रस्ता बघून चाळीसच्या स्पीडला ॲक्सिलरेटर सोडा आणि क्लच दाबा. आवाज इंजिनसोबत खाली बसला, तर भानगड पुढे आहे. चाकाच्या स्पीडनेच येत राहिला, तर मागेच शोधा. आता मागचा ब्रेक अलगद दाबा. आवाज बदलला तर लायनर बघायचे. ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांना बाहेर लिव्हरपाशी बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला, की लायनर संपले समजा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘टिक’ होत असेल, तर आधी टायर तपासा, गिट्टीचा खडा अडकलेला असतो. फुकटात काम!

पुढचं सगळं गाडी बंद करून, न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. इंजिन सुरू ठेवून चेन पुसायला जाऊ नका. कापड स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्यामागे बोट. चाक हाताने फिरवत चेन ठिकठिकाणी वर-खाली हलवून बघा. बहुतेक साध्या गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर ढील चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली असेल, तर चेन एकसारखी झिजलेली नाही. मग नुसती ताणून उपयोग नाही. गिअर टाकताना किंवा रेस देताना मागे ‘टक्’ होत असेल आणि चेन नीट असेल, तर हबमधले रबर बघायला सांगा. हे रबर स्वस्त असतात, पण कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

आता बेअरिंग. चाक वर-खाली धरून आडवं हलवा. किंचितही ‘कटकट’ जाणवली तर थांबा. चाकासोबत अख्खा स्विंग आर्म हलत असेल, तर त्याचे बुश गेले. फक्त चाक हलत असेल, तर बेअरिंग. एक हात स्विंग आर्मवर ठेवून चाक फिरवा, खराब बेअरिंगची खरखर तळहाताला कळते. हा आवाज स्पीडसोबत वाढत जातो, आणि याच्यावर उद्या-परवा चालत नाही. बेअरिंग पार फुटलं तर चाक डुलतं, जाम होऊ शकतं. उमरेड रोडवर मागे ट्रक असताना हे नको.

पावसाळ्यात चिखल निघावा म्हणून हबवर प्रेशरचा पाइप धरतो ना आपण? तेच पाणी सील ओलांडून आतलं ग्रीस धुतं. पाइप लांबूनच धरायला सांगा. आणि मिस्त्रीला आता असं सांगा: ‘चाळीसच्या पुढे येते, क्लच दाबला तरी येते, ब्रेकने बदलत नाही.’ जुनं बेअरिंग मागून घ्या, बोटात फिरवून बघा.