इंधन टाकीचे झाकण बदलताना

मोटारी घडविणारा पट्टा म्हणून पिंपरी-चिंचवड आणि चाकणची ओळख आहे. टेल्कोचा, म्हणजेच आजच्या टाटा मोटर्सचा, येथील कारखाना १९६६ मध्ये स्थापन झाला. १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेली 'इंडिका' याच कारखान्यात तयार झाली, तर २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा शहरातील वाहनधारकही इंजिन ऑइल, टायर आणि बॅटरीची चौकशी नियमाने करतात. इंधन टाकीच्या झाकणाकडे मात्र ते तुटेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चिंचवडमधील एखाद्या सोसायटीच्या बंद वाहनतळात गाडीजवळ पेट्रोलचा वास रेंगाळत असेल, तर इतर शंकांबरोबर या झाकणाचीही तपासणी करावी.

झाकणाची दोन कामे

झाकणाचे पहिले काम टाकी घट्ट बंद ठेवण्याचे. पेट्रोलची ज्वालाग्राही वाफ अगदी कमी तापमानालाही तयार होते. एप्रिल-मेच्या उन्हात तर तिचे प्रमाण बरेच वाढते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने तळघरातील वाहनतळात जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीनेही पेट घेऊ शकते. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झिन हा कर्करोगकारक घटक अल्प प्रमाणात असतो.

दुसरे काम याच्या उलट आहे. इंजिन चालू असताना टाकीतील इंधन कमी होत जाते. त्याची जागा घेण्यास हवा आत आली नाही, तर टाकीतील दाब घटून इंधनपुरवठा अडखळू शकतो. म्हणून अनेक झाकणांत हवा आत घेणारी, परंतु एरवी वाफ बाहेर न सोडणारी छोटी झडप बसविलेली असते. टाकीतील वाफ कोळसा भरलेल्या एका डबीत शोषली जाते आणि नंतर इंजिनात ओढली जाऊन जळते. झाकण सैल असल्यास ही सारी व्यवस्था निरुपयोगी ठरते.

पीयूसीत न दिसणारा दोष

पीयूसी प्रमाणपत्र आहे म्हणजे झाकणही ठीक आहे, असा समज चुकीचा आहे. पीयूसी चाचणीत सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर तपासला जातो, टाकीतून निसटणारी वाफ नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जुन्या पेट्रोल मोटारींच्या धूरतपासणीत झाकण गळते का, हेही पाहिले जाते. आपल्याकडे ही दक्षता वाहनधारकालाच घ्यावी लागते. काही नव्या मोटारींत झाकण सैल राहिल्यास डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागतो; जुन्या गाड्यांत तसा इशारा मिळत नाही.

पावसाळ्यात धोका वाढतो. झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरू शकते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा झाला आहे. जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर इथेनॉलमुळे फुगते किंवा लवकर खराब होते. डिझेलची वाफ तुलनेने कमी असली, तरी पाणी आणि धूळ इंजेक्टरला घातक ठरतात. त्यामुळे डिझेल मोटारीचे झाकणही तितकेच महत्त्वाचे.

तपासणी आणि खरेदी

झाकणाच्या आतील रबरी कड्यावर चिरा, चपटेपणा किंवा कडकपणा दिसणे, फिरवताना 'टक' असा आवाज न येणे, आटे झिजणे ही खराबीची लक्षणे. काही गाड्यांचे रबरी सील वेगळे मिळते. तसे नसल्यास पूर्ण झाकण बदलावे. चिंध्या, प्लॅस्टिकची पिशवी किंवा चिकटपट्टी लावून काम भागवू नये.

नवे झाकण घेताना गाडीचे मॉडेल, उत्पादनवर्ष, इंधनाचा प्रकार आणि शक्य असल्यास चेसिस क्रमांक सांगावा. जुने झाकण नमुना म्हणून न्यायचे असल्यास तोवर गाडी चालवू नये आणि टाकीचे तोंड उघडे राहणार नाही, याची काळजी घ्यावी. त्यापेक्षा छायाचित्र सोबत नेणे सोयीचे. कंपनीच्या अधिकृत केंद्राबरोबरच पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारपेठेतही चौकशी करता येते. सर्व गाड्यांना चालणारे म्हणून विकले जाणारे झाकण आट्यांत बसले, तरी त्यातील झडप योग्य असेलच असे नाही.

बदलण्याची रीत

हे काम मोकळ्या हवेत, शक्यतो सकाळी आणि इंजिन बंद व थंड असताना करावे. जवळपास आगपेटी, सिगारेट अथवा ज्वाला असू नये. प्रथम गाडीच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जातो. झाकण डावीकडे सावकाश फिरवावे. 'फुस्स' आवाज आल्यास तो थांबेपर्यंत थोडे थांबून मग पूर्ण काढावे. ते पट्टीने जोडलेले असेल, तर पट्टी कोठे व कशी अडकवली आहे हे पाहून ती हलकेच सोडवावी.

टाकीच्या तोंडाची कड कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. तेथे गंज किंवा खड्डे दिसले, तर केवळ झाकण बदलून उपयोग होणार नाही, मेकॅनिकला दाखवावे. सीलला ग्रीस किंवा तेल लावू नये. नवी पट्टी अडकवून झाकण सरळ बसवावे आणि उजवीकडे फिरवावे. 'टक' आवाज किती वेळा यायला हवा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पट्टी सीलखाली सापडली नाही ना, हे शेवटी पाहावे.

डॅशबोर्डवरील दिवा लागला असेल, तर तो काही फेऱ्यांनंतर विझू शकतो. तो कायम राहिल्यास किंवा झाकण बदलूनही वास येत राहिल्यास गळती नळी, पंप अथवा टाकीत असण्याची शक्यता असते. अशी गाडी बंद वाहनतळात न ठेवता त्वरित तपासून घ्यावी. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरण्याचा आग्रहही टाळावा. जादा पेट्रोल कोळशाच्या डबीत जाऊन ती निकामी होऊ शकते.