विदागार संनियंत्रण

विदागार संनियंत्रण म्हणजे एखाद्या संस्थेचे दैनंदिन व्यवहार ज्या संगणकीय उपयोजनांवर आणि विदागारांवर चालतात, त्यांच्या स्थितीवर अखंड लक्ष ठेवणे, बिघाडाची चाहूल वेळीच घेणे आणि बिघाड झाल्यास व्यवहार पूर्वपदावर आणणे, या कामांची एकत्रित कार्यपद्धती होय. विदागाराला व्यवहारात डेटाबेस व उपयोजनाला ॲप्लिकेशन म्हटले जाते. बँकेतील खाती, रेल्वेचे आरक्षण, कारखान्याचा मालसाठा, रुग्णालयातील नोंदी व कर्मचाऱ्यांचे वेतन या सर्व गोष्टी आज विदागारात असतात. त्यामुळे हे काम वरवर तांत्रिक दिसले, तरी त्याचा परिणाम सामान्य माणसाच्या पैशावर आणि वेळेवर होतो. हे काम करणाऱ्या व्यक्तीस विदागार प्रशासक किंवा डीबीए असे संबोधतात.

पार्श्वभूमी

मोठ्या विदागारांचा इतिहास १९६० च्या दशकापासून सुरू होतो. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेतील असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून आयबीएम या कंपनीने आयएमएस ही प्रणाली विकसित केली. १९७० मध्ये आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी विदेची मांडणी परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपात करावी, असा सिद्धान्त मांडला. आजची बहुसंख्य व्यावसायिक विदागारे याच संबंधाधिष्ठित पद्धतीवर उभी आहेत. १९७२ मध्ये आयबीएमच्या पाच माजी अभियंत्यांनी जर्मनीत सॅप ही कंपनी स्थापन केली. लेखा, खरेदी, उत्पादन व मनुष्यबळ हे सारे विभाग एकाच विदागारावर आणणाऱ्या उपयोजनांचा पुढे सर्वत्र प्रसार झाला.

या एकत्रीकरणाचा लाभ मोठा होता, तसा धोकाही. पूर्वी लेखा विभागाचे यंत्र बंद पडले तरी भांडार चालू राहत असे. सर्व विभागांचे विदागार एकच झाल्यावर त्यातील बिघाड संपूर्ण संस्थेचा बिघाड ठरू लागला. संनियंत्रणाला स्वतंत्र शाखेचे महत्त्व आले ते यामुळे.

काय पाहावे लागते

संनियंत्रणाचे दोन स्तर असतात. पहिला यंत्राचा. प्रक्रियकावरील भार, स्मृतीचा वापर, साठवण तबकडीवर उरलेली जागा आणि जाळ्यावरील वाहतूक या गोष्टी त्यात येतात. दुसरा स्तर विदागाराच्या अंतर्गत कामकाजाचा असून खरे कौशल्य येथेच लागते. यंत्र निरोगी दिसत असतानाही विदागार कुंठित झालेले असू शकते.

अशा कुंठेचे एक सामान्य कारण म्हणजे कुलूप, अर्थात लॉक. एखादा व्यवहार एका नोंदीत बदल करीत असताना दुसऱ्याने तीच नोंद बदलू नये, म्हणून विदागार ती नोंद तात्पुरती बंद करते. पहिला व्यवहार पूर्ण झाला नाही, तर त्यामागे इतरांची रांग लागते. कधी दोन व्यवहार एकमेकांनी धरलेल्या नोंदींची वाट पाहत बसतात. एकाने कपाटाची किल्ली घ्यावी, दुसऱ्याने त्या कपाटातील वहीची, आणि दोघांनीही आपल्या हातची किल्ली सोडू नये, तसा हा प्रकार असतो. याला डेडलॉक म्हणतात. बहुतेक विदागारे हा पेच स्वतः ओळखतात आणि दोहोंपैकी एक व्यवहार रद्द करून सोडवतात. मात्र साध्या रांगेचा उलगडा आपोआप होतोच असे नाही. रांगेच्या अग्रभागी कोण आहे, हे प्रशासकालाच शोधावे लागते.

दुसरे कारण मंद पृच्छा हे होय. विदागाराला विचारलेल्या प्रश्नास पृच्छा म्हणतात. तिचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधायचे, हे विदागारच ठरवते. ग्रंथाच्या शेवटी सूची असेल, तर हवा तो शब्द क्षणात सापडतो. ती नसेल, तर प्रत्येक पान चाळावे लागते. विदागारातील सूचीचे, म्हणजे इंडेक्सचे, कार्य हेच आहे. विदागाराची मार्गनिवड तक्त्यांविषयीच्या सांख्यिकीय अंदाजावर अवलंबून असते. तक्ता वाढला आणि अंदाज जुनाच राहिला, तर काल अर्ध्या सेकंदात आलेले उत्तर आज काही मिनिटे घेते. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल झालेला नसल्यामुळे ‘आम्ही काहीच बदलले नाही’ हे उत्तर अशा वेळी प्रामाणिकपणे दिले जाते. पण विदा बदललेली असते.

मंद पृच्छेचा परिणाम तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. उपयोजन विदागाराशी ठरावीक संख्येच्या जोडण्यांद्वारे बोलते. समजा अशा ५० जोडण्या आहेत आणि प्रत्येक पृच्छेस सरासरी २० सहस्रांश सेकंद लागतात. तर दर सेकंदाला २,५०० पृच्छा हाताळता येतात. हाच कालावधी २ सेकंदांवर गेला, तर ती क्षमता २५ वर येते. मग सर्व जोडण्या अडकून पडतात आणि ज्यांचा त्या मंद पृच्छेशी काहीही संबंध नाही, असे ग्राहकही ताटकळत राहतात.

काही बिघाड अत्यंत सावकाश येतात. पोस्टग्रेस या लोकप्रिय मुक्तस्रोत विदागारात विदेत बदल करणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला ३२ अंकस्थानांचा द्विमान क्रमांक मिळतो. हे क्रमांक मर्यादित असल्याने पुन्हा पुन्हा वापरले जातात, आणि त्यासाठी जुन्या नोंदींची नियमित साफसफाई आवश्यक असते. ती मागे पडली, तर सुमारे दोन अब्ज व्यवहारांनंतर जुन्या व नव्या नोंदींची गल्लत होऊ शकते. म्हणून विदागार त्याआधीच नवे बदल स्वीकारणे थांबवते. सेंट्री या सेवेवर २०१५ मध्ये आणि मँड्रिल या ई-पत्र सेवेवर २०१९ मध्ये हा प्रसंग आला. उरलेल्या क्रमांकांची गणना करणे ही एका ओळीच्या पृच्छेची बाब आहे. ती कोणीतरी दररोज विचारायला मात्र हवी.

मोजमापातील फसगत

सरासरी हे संनियंत्रणातील सर्वांत फसवे मोजमाप आहे. १०० ग्राहकांपैकी ९५ जणांना ०.१ सेकंदात उत्तर मिळाले आणि ५ जणांना १० सेकंद थांबावे लागले, तर सरासरी ०.६ सेकंदांच्या आत येते. अहवालात हा आकडा समाधानकारक वाटतो. पण त्या पाच जणांचा अनुभव त्यात बुडून जातो. वर्गाच्या सरासरी गुणांवरून नापास विद्यार्थी दिसत नाहीत, हे कोणताही शिक्षक सांगेल. म्हणून ९५ व ९९ या शततमकांचे मूल्य, म्हणजे शंभरांतील सर्वांत मंद पाच किंवा एका ग्राहकाचा अनुभव, स्वतंत्रपणे मोजला जातो.

उपलब्धतेची टक्केवारीही अशीच तपासून घ्यावी लागते. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी सुमारे ८ तास ४६ मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा होय. ९९.९९ टक्क्यांत ही मुभा सुमारे ५३ मिनिटांवर येते. ती मिनिटे मध्यरात्री खर्ची पडली की पगाराच्या दिवशी सकाळी, हे टक्केवारी सांगत नाही.

साधने

प्रारंभीच्या काळात प्रशासक स्वतः आज्ञा देऊन स्थिती तपासत असत. पुढे ओरॅकलसारख्या कंपन्यांनी आपल्या विदागारांसाठी स्वतःची संनियंत्रण साधने आणली. नॅगिओस, झॅबिक्स आणि २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालेले प्रोमिथियस ही प्रसिद्ध मुक्तस्रोत साधने होत. साधनांच्या निवडीवर बरीच चर्चा होते. परंतु पुढील दोन घटना पाहता साधन कोणते, यापेक्षा त्याचा इशारा कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

इशारे व दुर्लक्ष

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली संस्थेने आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आज्ञावली चढवली. त्यांपैकी एक सर्व्हर राहून गेला. बाजार उघडताच त्या सर्व्हरवरील अनेक वर्षे न वापरलेली जुनी आज्ञावली जागी झाली आणि अनावश्यक सौदे करू लागली. सुमारे ४५ मिनिटांत संस्थेला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. पुढील चौकशीत असे आढळले, की बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने या दोषाचा उल्लेख असलेली ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना पाठवली होती. मात्र ती ‘इशारा’ म्हणून योजलेली नव्हती आणि त्यांवर कोणी कृती केली नाही.

यातून उलटा धडा घेऊन प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी इशारा लावण्याची चूकही अनेक ठिकाणी होते. रोज शेकडो निरर्थक इशारे येऊ लागले, की माणूस ते न वाचता मिटवू लागतो. ज्यावर तत्काळ मानवी कृती अपेक्षित आहे, त्याचाच इशारा द्यावा व उर्वरित बाबी नोंदीत ठेवाव्यात, हा आता सर्वमान्य संकेत आहे.

राखीव प्रती : गिटलॅबची घटना

राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेणे आणि ती उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या आज्ञावली-संग्रहण सेवेत घडलेला प्रसंग या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. त्या दिवशी विदागारावर असाधारण भार आला आणि मुख्य विदागाराची प्रतिकृती मागे पडली. ती नव्याने उभारण्याच्या प्रयत्नात, रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने प्रतिकृतीवरील रिकामी विदा-निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली. पण ती चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक क्षणार्धात लक्षात आली. आज्ञा थांबवली तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी केवळ ४.५ गिगाबाइट विदा शिल्लक होती.

त्यानंतर राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज घेतली जाणारी प्रत जेथे असायला हवी होती, ती जागा रिकामी निघाली. विदागार ९.६ आवृत्तीचे, तर प्रत घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे असल्याने प्रत घेण्याची क्रिया अपयशी ठरत होती. या अपयशाची सूचना ई-पत्राने पाठवली जात होती. पण त्या पत्रांवर आवश्यक प्रमाणीकरण नसल्याने ती स्वीकारलीच जात नव्हती. परिणामी कोणालाही पत्ता लागला नाही. ढगसेवेतील तबकड्यांची छायाप्रत घेण्याची सोय विदागाराच्या सर्व्हरांसाठी सुरूच केलेली नव्हती. अखेर त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक छायाप्रत उपयोगी पडली. सेवा जवळपास १८ तास बंद राहिली. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या व तितक्याच टिप्पण्यांच्या नोंदी, तसेच सुमारे ७०० नव्या सदस्यांची खाती नष्ट झाली. मूळ आज्ञावलींचे संग्रह वेगळे असल्याने ते मात्र वाचले.

गिटलॅबने पुनर्प्राप्तीचे काम यूट्यूबवरून थेट दाखवले, आपल्या सर्व त्रुटी प्रसिद्ध केल्या आणि अभियंत्याचे नाव अहवालात दिले नाही. एका व्यक्तीच्या बोटाची चूक एवढेच या प्रसंगाचे वर्णन केले असते, तर सूचना पोहोचत नसल्याचा मूळ दोष झाकलेलाच राहिला असता. म्हणूनच या अहवालाचे महत्त्व मोठे आहे.

या प्रकारच्या घटनांमुळे राखीव प्रत ठरावीक काळाने प्रत्यक्ष दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहण्याची शिस्त रूढ झाली. किती काळाची विदा गमावणे परवडेल आणि किती वेळात सेवा पुन्हा सुरू व्हायला हवी, या दोन मर्यादा आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरवणे हे तंत्रज्ञाचे नव्हे, तर संस्थेच्या प्रमुखांचे काम आहे. प्रतिकृती हा राखीव प्रतीचा पर्याय नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मुख्य विदागारात चुकीने पुसलेली नोंद प्रतिकृतीतूनही लगेच पुसली जाते.

भारतातील नियमन

मुंबई हे देशाच्या बँकिंग व भांडवली बाजाराचे केंद्र असल्याने या क्षेत्रातील मोठे बिघाड आणि त्यांवरील कारवाई यांचा संबंध अनेकदा याच शहराशी येतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११:४० वाजता थांबवावे लागले. ते दुपारी ३:४५ वाजता पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजाराची वेळ सायंकाळी ५ वाजेपर्यंत वाढवण्यात आली.

नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य विदा केंद्रातील वीजपुरवठा खंडित होऊन तिच्या डिजिटल सेवा बंद पडल्या. मागील दोन वर्षांतील अशा घटना लक्षात घेऊन रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये या बँकेस नवे डिजिटल उपक्रम सुरू करण्यास व नवी क्रेडिट कार्डे देण्यास तात्पुरती मनाई केली. हे निर्बंध पूर्णतः उठण्यास मार्च २०२२ उजाडले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेवर अशाच स्वरूपाची कारवाई झाली. तिला ऑनलाइन व मोबाइल मार्गाने नवे ग्राहक जोडण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई करण्यात आली. माहिती-तंत्रज्ञान साधनांची मोजदाद, बदलांचे व्यवस्थापन, वापरकर्त्यांचे अधिकार व आपत्तीनंतरची पुनर्प्राप्ती यांतील त्रुटी रिझर्व्ह बँकेने आदेशात नमूद केल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे निर्बंध मागे घेण्यात आले.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना विशिष्ट प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे अधिकृत कालसेवेशी जुळवून ठेवावी लागतात. शेवटची अट क्षुल्लक वाटते. परंतु उपयोजन व विदागार यांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असेल, तर आधी काय बिघडले आणि नंतर काय, हे त्यांच्या नोंदींवरून ठरवता येत नाही.