बांधावरची लाल मुंगी

मुंगी म्हटली की शहरातल्या माणसाला साखरेचा डबा आठवतो. शेतकऱ्याच्या पोराला बांध आठवतो. उल्हासनगर-अंबरनाथकडच्या मित्रांना कदाचित ठाऊक नसेल, पण बदलापूरच्या पुढे अजून भाताची खाचरे आहेत. भात निघाले की कडेला भेंडी, काकडी, वांगी लावतात. आमचीही थोडी जमीन तिथे आहे. पहाटे भेंडी तोडताना आईची बोटे आणि पाय लाल मुंग्यांच्या डंखांनी फोडांनी भरतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. "एवढं शिकतोस, तर या मुंग्यांचं काय करायचं ते सांग," असे बाबा म्हणाले. माझा विषय इतिहास. तरी उत्तर शोधणे भाग होते.

ही मुंगी मूळची आपली नव्हे. तिचे शास्त्रीय नाव 'सोलेनॉप्सिस जेमिनाटा'. तिच्या जातकुळीला 'फायर अँट', म्हणजे आगमुंगी म्हणतात. मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या अकापुल्को बंदरातून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती आशियात पोचली, असे आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. मिरचीचे आणि हिचे माहेर एकच म्हणायचे! रंग तांबूस, एकाच वारुळात लहानमोठ्या कामकरी, त्यांतल्या काहींचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे. या मोठ्या डोक्याच्या मुंग्या दाणे फोडतात. मुंगी जबड्याने कातडी पकडते आणि मागच्या नांगीने डंख मारते. पेरलेले बारीक बी ती पळवते, आणि गोड चिकट्यासाठी झाडावरच्या किडींची राखण करते.

आमच्याकडे सर्रास उपाय एकच: विषारी पावडर वारुळावर ओतायची. बीएचसी पावडरीवर भारतात १९९७ साली बंदी आली, तरी ओतायची सवय काही गेली नाही. वारूळ भाजीच्या वाफ्यात, वाफा विहिरीशेजारी, आणि तीच भाजी दुसऱ्या दिवशी बाजारात! शिवाय वरच्या कामकरी मेल्या तरी खोलवरची राणी वाचते आणि अंडी घालतच राहते.

हा धडा अमेरिकेने फार महागात घेतला. तिथे हिची बहीण 'सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा' १९३० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून मोबाईल बंदरात शिरली. १९५७ पासून सरकारने विमानांतून डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर टाकले. पक्षी मेले, मासे मेले, मुंगी उरलीच. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात या मोहिमेवर कडक टीका केली. सरसकट विषाने इतर जातींच्या मुंग्याही मरतात आणि मोकळ्या जागेत आगमुंगीच आधी परतते. 'इन्व्हिक्टा' म्हणजे अजिंक्य. हे नाव १९७२ साली मिळाले.

मग करावे काय? मोठ्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती ते अळ्यांना भरवते, अळ्या पचवतात आणि तो रस सगळ्या वारुळात, राणीपर्यंत, वाटला जातो. म्हणून झटपट मारणाऱ्या विषापेक्षा सावकाश काम करणारे आमिष बरे. ते कोरड्या दिवशी, वारुळावर न ओतता भोवती थोडे पसरावे आणि वेष्टणावरच्या सूचना पाळाव्यात. एखादे-दुसरे वारूळ असेल तर थंडीत ऊन पडल्यावर १०-१२ लिटर उकळते पाणी सावकाश ओतावे. त्या वेळी अळ्या वरच्या थरात असतात. एकदा भागले नाही तर पुन्हा ओतावे, मात्र झाडाच्या मुळांपासून दूर. उन्हाळ्यात नांगरट केली की वारुळे मोडतात. रोपांचे वाफे मांडवावर करून मांडवाचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवावेत; दुधाच्या भांड्याखाली आपण पाण्याची परात ठेवतो, तसेच. झाडावरचा मावा धुऊन काढला की मुंगीचे तिथले कामच संपते.

सगळी वारुळे मात्र मोडू नयेत. भाताच्या बांधावर हीच मुंगी किडींची अंडी आणि अळ्या खाते. जिथे माणसांचे हातपाय पडतात किंवा बी पेरायचे असते, तेवढीच जागा मोकळी करावी.

डंख झाल्यास मुंग्या ताबडतोब झटकून जागा साबणाने धुवावी, फोड फोडू नये. धाप लागली, ओठ किंवा तोंड सुजले, चक्कर आली, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. खेड्यावरून येणाऱ्या मित्रांनी निदान एवढे घरी जरूर सांगावे.