दम लागतोय? ‘अशक्तपणा’ म्हणून बसू नका!



मागच्या वर्षी एका गटाच्या बैठकीत एक ताई भिंतीला टेकून बसली होती. चार पायऱ्या चढली तरी दम. रात्री आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून बसूनच झोपायची. पाय सुजलेले. घरचे म्हणायचे, “रक्त कमी असेल.” निघालं हृदयाचं दुखणं: जायंट सेल मायोकार्डायटिस.

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. ती बरेचदा विषाणूच्या तापानंतर येते आणि पुष्कळ जण बरे होतात. जायंट सेल हा त्यातला फार दुर्मीळ, पण घातक प्रकार. यात रोगाशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच हृदयावर उलटते. हृदय थकतं, रक्त पुढे ढकलू शकत नाही आणि पाणी फुप्फुसात, पायात साचतं.

ईसीजी आणि इकोवरून संशय येतो. खात्रीसाठी शिरेतून बारीक नळी घालून हृदयाचा कणभर तुकडा तपासतात. ऐकून ताई घाबरली होती, पण त्याशिवाय नेमकं औषध ठरत नाही.

उपचार असे असतात:
• पाणी कमी करणाऱ्या आणि हृदयावरचा भार हलका करणाऱ्या गोळ्या.
• उलटलेली ताकद दाबायला स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिनसारखी औषधं.
• तरीही हृदय साथ देत नसेल, तर यंत्राचा आधार किंवा हृदय प्रत्यारोपण.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ६३ रुग्णांच्या अभ्यासात, ताकद दाबणारी औषधं न मिळालेल्यांपैकी निम्मे जण सुमारे ३ महिन्यांतच दगावले किंवा त्यांना हृदय बदलावं लागलं. ही औषधं एकत्र मिळालेल्यांना त्याहून बराच जास्त काळ मिळाला. म्हणून वेळ घालवायचा नाही.

आता ताई घरी आहे. शेजारणी म्हणतात, “बरी दिसतेस, कशाला एवढ्या गोळ्या?” बायांनो, असं कुणाला सांगू नका! मनाने गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो. या औषधांवर असताना ताप आला, की लगेच डॉक्टरांना दाखवायचं. दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधी विचारायचं. रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं तर पाणी साचतंय. मीठ कमी. लोणचं-पापड आपला धंदा आहे खरा, पण तिच्या ताटात नको.

दम, सूज, छातीत दुखणं, चक्कर यातलं काही असेल तर आशाताईंना सांगा. श्वास घेता येत नसेल, शुद्ध हरपली, तर थेट १०८ला फोन करा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्या ताईच्या गटाने अंतर्गत कर्ज त्याच संध्याकाळी मंजूर केलं होतं. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एकमेकींना एवढं विचारा: “रात्री नीट झोप लागते ना गं?”